मेजावरची सजावट आणि वाटीतल्या गुंजा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळ्यातील मेजाच्या नैसर्गिक सजावटीवर एक पूर्ण पान प्रसिद्ध झाले आहे. जेवणाच्या मेजावर प्लास्टिकची फुले ठेवण्याऐवजी झाडावेलींनी दिलेल्या वस्तू मांडाव्यात, हा त्या पानाचा हेतू मला मनापासून मान्य आहे. तरीही हे पत्र लिहिण्याची दोन कारणे आहेत. पहिले तातडीचे आहे. त्या पानावरील मोठ्या छायाचित्रात बिस्किटांच्या बशीला लागूनच काचेच्या एका वाटीत लालभडक गुंजा भरून ठेवलेल्या दिसतात. दुसरे कारण असे की, सुचवलेल्या साहित्यापैकी निम्म्याहून अधिक वस्तू, म्हणजे फरच्या फांद्या, हॉलीच्या डहाळ्या, पाइनची फळे आणि वर शिंपडायचा बर्फ, महाराष्ट्रात कोणाच्याही अंगणात मिळत नाहीत. मिळतात त्या दुकानात, आणि त्यांतल्या बहुतेक प्लास्टिकच्या असतात. नैसर्गिक म्हणून सुरू झालेला उपदेश वाचकाला अशा रीतीने पुन्हा प्लास्टिकच्याच दुकानात नेऊन सोडतो.

गुंजांचे आधी सांगते. गुंजेच्या बीमध्ये ॲब्रिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. बीचे कवच टणक असल्यामुळे अख्खी गुंज गिळली गेली तर ती बहुधा न पचता बाहेर पडते. पण ती चावली गेली, फुटली किंवा माळेत ओवण्यासाठी तिला भोक पाडलेले असले, तर ते विष पोटात उतरते. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे सोने तोलण्याचे कोष्टक पाठ केलेल्या आमच्या पिढीने गुंजा सोनाराच्या डबीत पाहिल्या आणि ‘खायच्या नाहीत’ हे वाक्य त्यांच्यासोबतच ऐकले. आजच्या मुलाला ते कोणी सांगितलेले नसते, आणि त्याच्या दृष्टीने जेवणाच्या मेजावरील वाटीत ठेवलेली लाल, चकचकीत, वाटाण्याहून लहान गोष्ट ही गोळीच असते. एरंडाच्या नक्षीदार बिया, धोत्र्याची काटेरी बोंडे आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या यांनाही हेच लागू आहे. वाळलेले धोत्र्याचे बोंड चार पाकळ्यांसारखे उकलते आणि फार देखणे दिसते, हे मी नाकारत नाही; परंतु त्याच्या बिया हलक्या धक्क्याने सांडतात आणि त्या पडतात त्या जागी दहा मिनिटांनी कोशिंबिरीचे भांडे ठेवले जाणार असते.

आता दुसऱ्या कारणाकडे वळते. तिकडच्या सजावटीचे मूळ पाहिले, म्हणजे ती इकडे जशीच्या तशी का उतरत नाही, हे समजते. मुलीकडे जर्मनीतील हॅम्बुर्गला माझा एक डिसेंबर गेला. त्या महिन्याच्या अखेरीस तिथे सकाळी साडेआठनंतर उजाडते आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. खिडकीबाहेरची बहुतेक झाडे पूर्ण निष्पर्ण असतात आणि हिरवे म्हणून डोळ्याला दिसते ते फर, आयव्ही आणि हॉली एवढेच. याच शहरात १८३९ मध्ये योहान हिन्रिख विखर्न या धर्मोपदेशकाने, आपण चालवत असलेल्या गरीब मुलांच्या आश्रमात, गाडीच्या चाकासारख्या लाकडी कड्यावर मेणबत्त्या उभ्या केल्या: नाताळापूर्वीच्या चार रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल. नाताळ कधी येणार म्हणून विचारून भंडावणाऱ्या मुलांना दिवस मोजता यावेत, एवढाच त्यामागचा साधा विचार होता. पुढे त्या कड्याभोवती फरच्या डहाळ्या गुंडाळल्या जाऊ लागल्या आणि आज तिकडे घरोघरी मेजावर दिसणारे ॲडव्हेंटचे, म्हणजे नाताळापूर्वीच्या त्या आठवड्यांचे, वर्तुळ तयार झाले. अंधाऱ्या आणि उघड्याबोडक्या ऋतूत जे थोडे हिरवे उरले आहे ते घरात आणावे आणि त्यात दिवा लावावा, ही त्या वर्तुळामागची भावना मला तिथे बसल्यावर समजली, आणि मुलीच्या मेजावरचे ते वर्तुळ मला परके वाटले नाही.

पुण्यात मात्र त्याच दिवसांत जवळजवळ अकरा तास उजेड असतो. वड, आंबा, जांभूळ हिरवेगार उभे असतात, मंडईत मेथी आणि ओला हरभरा यांचे ढीग लागलेले असतात आणि हिरवाईची कोणाला वाण पडलेली नसते. आपल्या हिवाळ्यात नव्याने दिसू लागते ते वाळलेले. पावसाळ्यात वाढलेले सारे काही आता बी धरून, रंग उतरवून, वाऱ्यावर खडखडत उभे असते. गवते सोनेरी होतात, उसाला रुपेरी तुरे येतात, शिरीषाच्या शेंगा वाजू लागतात, कापसाची बोंडे फुटतात. भाताच्या लोंब्या, बाजरीची कणसे, गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे असा एकेका पिकाच्या दाण्याच्या घोसाला वेगळा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या वर्तमानपत्राने हिवाळ्याच्या मेजासाठी हॉली सुचवावी, याची मला थोडी गंमत वाटली.

हिवाळ्यातील मांडणीची परंपराही आपल्याकडे आहे; ती मेजावर नव्हती इतकेच. माझे माहेर लातूर जिल्ह्यातले. तिकडे मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या, म्हणजे बोलीभाषेतली येळवस, साजरी होते. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप, म्हणजे खोपटी, बांधतात, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात आणि सारे घर शेतात जेवते. त्याच महिन्यातील गुरुवारी लक्ष्मीच्या कलशात पाच झाडांच्या डहाळ्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्या घरात निरनिराळ्या जागी ठेवल्या जातात आणि कलशातले पाणी तुळशीला जाते. संक्रांतीच्या सुगडात ऊस, बोरे, गाजर, घाटे आणि ओंबी भरतात, आणि वाण दिले-घेतले गेले की त्यातील बहुतेक सगळे खाऊन संपते. या तिन्ही मांडण्यांत दुसऱ्या दिवशी फेकून देण्यासारखे काही उरत नाही. पुरवणीतील पानाला मी हीच कसोटी लावली आणि त्यातील तीन-चार वस्तूच तिच्यावर उतरल्या.

वर्तुळच हवे असेल, तर त्यासाठी तारेचे कडे विकत आणण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे चुंबळ आहे. डोक्यावरच्या हंड्याखाली किंवा गोल बुडाच्या माठाखाली ठेवतात तीच. भाताचा पेंढा अर्धा तास पाणी शिंपडून ठेवावा, म्हणजे तो मोडत नाही. मग मनगटाएवढी जाड मूठ घेऊन पीळ देत जावे, मूठ संपत आली की नवा पेंढा आत खोचावा, आणि हातभर लांब दोर झाला की त्याची टोके एकमेकांत घालून सुतळीने किंवा केळीच्या सोपटाने घट्ट बांधावीत. सावलीत दोन दिवस ठेवले की वर्तुळ आपला आकार धरते. त्यात लोंब्या, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि वाळलेला झेंडू खोचला की ते पूर्ण होते. कुर्डूचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे, कारण हे शेतातले तण आहे, ते काढून टाकल्यास शेतकरी रागावत नाही, आणि त्याचा तुरा वाळल्यावरही आकार सोडत नाही. कोकणात नवे भात घरी आले की लोंब्या, आंब्याची पाने आणि कुर्डूची फुले एकत्र करून दाराला ‘नवे’ बांधतात. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना या वर्तुळात नवीन काहीच वाटणार नाही. पेंढा शहरात कुठे मिळणार, असा प्रश्न येईल. फळबाजारात आंब्या-पपयांच्या पेट्यांतून निघालेला पेंढा मी स्वतः मागून आणते, आणि अद्याप कोणी त्याचे पैसे घेतलेले नाहीत.

कापसाबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण माझे सासर यवतमाळ जिल्ह्यातले आहे. गेल्या वर्षी पुण्यातील एका सजावटीच्या दुकानात कापसाच्या फांद्यांचा जुडगा मी पाहिला. पाच काड्या, प्रत्येकीवर सहा बोंडे, किंमत साडेचारशे रुपये आणि वर ‘नैसर्गिक’ अशी चिठ्ठी. एका बोंडात साधारण चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. तीस बोंडांचा कापूस सव्वाशे ते दीडशे ग्रॅम धरला आणि २०२४-२५ च्या हंगामातील मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,१२१ रुपये क्विंटल हा हमीभाव लावला, तर त्या जुडग्यातील कापसाचे शेतकऱ्याला मिळणारे मोल दहा रुपयांच्या आसपास येते. काडीचे मोल तर शून्यच, कारण वेचणी संपल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे वाळलेले झाड, चुलीत जाते किंवा शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) ढीग घालून पेटवली जाते. त्यातही विशेष म्हणजे, हात लावून पाहिल्यावर त्या दुकानातील काड्या कागद गुंडाळलेल्या तारेच्या निघाल्या आणि बोंडाच्या पाकळ्या प्लास्टिकच्या. खरा होता तो फक्त कापूस. ज्या जिल्ह्यात पऱ्हाटीचे ढीग जळतात, त्याच जिल्ह्यातून आलेल्या माणसाला पुण्यात प्लास्टिकची पऱ्हाटी पाहावी लागावी, याला काय म्हणावे ते मला सुचले नाही.

म्हणून विदर्भात किंवा मराठवाड्यात ज्यांचे नातेवाईक शेती करतात, त्यांनी हिवाळ्यात येताना चार काड्या अवश्य आणाव्यात, परंतु एक पथ्य पाळावे. गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भातील कापसाचे केवढे नुकसान केले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. ही अळी न उमललेल्या आणि अर्धवट उमललेल्या किडक्या बोंडांत, म्हणजे कवडीत, दडून राहते आणि पुढच्या हंगामापर्यंत टिकते; फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांवर लांबवलेले पीक, घेऊ नका आणि पऱ्हाटी शेताजवळ साठवून ठेवू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो ते त्यामुळेच. सजावटीसाठी पूर्ण उमललेली, पांढरीशुभ्र बोंडेच घ्यावीत, कवडी बोंडे तिथल्या तिथे नष्ट करावीत, आणि शहरात वापरून झालेली काडी पुन्हा कापसाच्या गावी नेऊ नये. ही बोंडे पांढऱ्या रंगासाठी पुरेशी आहेत. त्यानंतर मेजावर थर्माकोलच्या चुऱ्याचा बर्फ पसरण्याची आवश्यकता राहत नाही. तसेही सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, आणि आपल्या पानावरील कृतीत ‘थर्माकोलचे बारीक मणी’ असा शब्दप्रयोग असल्याचे मी नम्रपणे निदर्शनास आणते.

शहरातील वाचकाला शेत नसले तरी रस्ता आहे. डिसेंबर ते मार्च या काळात पुण्या-मुंबईच्या पदपथांवर जे पडते, ते जरा वाकून पाहावे. शिरीषाच्या शेंगा फिकट पिवळ्या, कागदासारख्या पातळ असतात आणि आतील बियांचे फुगीर ठसे बाहेरून दिसतात. पितळेच्या उंच तांब्यात पंधरा-वीस उभ्या केल्या तर आणखी कशाची गरज लागत नाही, आणि पंखा लावला की त्या बोलतात. पीतमोहराच्या शेंगा तांबूस असतात. गुलमोहराच्या शेंगा हात-दीड हात लांब, काळपट आणि लाकडासारख्या कठीण असतात. मेजाच्या मध्यभागी आडवी ठेवलेली एक शेंग नावेसारखी दिसते आणि तिच्या उकललेल्या अर्ध्या भागात सुपाऱ्या, वाळलेले आवळे किंवा शेवंतीची फुले मांडता येतात. महोगनीचे फळ हिवाळ्याच्या अखेरीस फुटते आणि त्याच्या जाड लाकडी पाकळ्या खाली पडतात. सागाच्या फळांवरील कागदी फुगे हलके आणि करड्या रंगाचे असतात, ते भराभर चुरतात, म्हणून ते वाटीतच शोभतात. नीलमोहराच्या चपट्या गोल शेंगा टाळांसारख्या उकलतात. बहाव्याची शेंगही लांब आणि देखणी असते, पण तिच्यातील गर रेचक असतो, तेव्हा लहान मुले असलेल्या घरी ती फोडू नये.

पानांमध्ये देशी बदामाला तोड नाही. आपल्या शहरांत रंग बदलून गळणारी पाने कमी. बदाम मात्र थंडीत लाल, किरमिजी, तांबडा असे तीन-चार रंग एकाच फांदीवर दाखवतो. ही पाने तशीच ठेवली तर दोन दिवसांत वळतात आणि तपकिरी होतात. ताजी पडलेली पाने वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये घालून वर जड पाटा ठेवावा आणि आठवडाभर रोज कागद बदलावा, म्हणजे ती सपाट राहतात आणि रंगही काही आठवडे टिकतो. ताटाखाली घालायला ती उत्तम असतात. (आपल्या दैनिकाचा कागद या कामासाठी फार चांगला आहे, हे कृपया स्तुती म्हणूनच वाचावे.) पिंपळाच्या पानाची जाळी करायची असेल, तर तीन-चार आठवडे पाण्यात भिजवून, अधूनमधून पाणी बदलून, मऊ दातघासणीने गर अलगद काढावा. त्या पाण्याला असह्य वास येतो. तो टब मी एकदा स्नानघरात ठेवला होता, तेव्हापासून तो गच्चीत असतो.

पाइनच्या फळांविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. आपल्या पानावर ‘जवळच्या डोंगरात सहज मिळणारी’ असे त्यांचे वर्णन आहे. सह्याद्रीच्या मूळ जंगलात पाइन नाही. बाजारात येणारी फळे बहुतांशी हिमालयातील चिडाची असतात. ज्यांना तसाच आकार हवा आहे, त्यांनी अलिबाग, काशीद, मुरूड किंवा दापोलीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात जाऊन पाहावे. तिथे सुपारीहून लहान, खडबडीत फळांचा सडा पडलेला असतो. सुरू हा पाइनचा नातेवाईक नव्हे. तो फुले येणारा वृक्ष आहे, मूळचा आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा, आणि त्याच्या सुया म्हणजे प्रत्यक्षात बारीक पेरांच्या हिरव्या काड्या असतात. पण फळाचे वागणे मात्र पाइनसारखेच, म्हणजे कोरड्या हवेत त्याची तोंडे उघडतात आणि पंखाच्या बारीक बिया बाहेर पडतात. म्हणून आणल्यावर ती दोन दिवस उन्हात परातीत पसरावीत, बिया सगळ्या परातीतच झडू द्याव्यात आणि मगच मेजावर ठेवावीत.

ऊन देणे सर्वच वस्तूंसाठी अनिवार्य आहे. शिरीषाच्या शेंगांत बारीक भुंगे हमखास असतात. ते बीला गोल भोक पाडून बाहेर येतात आणि ज्या घरात कडधान्याचे डबे आहेत तिथे अशा पाहुण्यांचे स्वागत कोणी करणार नाही. तीन दिवसांचे कडक ऊन, किंवा पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवणे, यातले काहीतरी करावेच. गवताचे तुरेही घ्यावेत, पण कुसळी गवत घेऊ नये. त्याची कुसळे दमट हवेत आपोआप पीळ घेत-सोडत पुढे सरकतात आणि सतरंजीत, सदऱ्यात, मांजराच्या कानात शिरतात. आमच्याकडे एकदा तो तुरा मेजावर आला आणि कुसळ शोधायला दिवाळीपर्यंत वेळ लागला. मुसळ त्या मानाने लवकर सापडले असते.

रंग देण्याचा मोह आवरावा, असे माझे मत आहे. सोनेरी फवारा मारलेली शेंग मातीत जात नाही आणि जाळताही येत नाही. चमकीचे तर बोलायलाच नको. ती प्लास्टिकची धूळच असते, आणि सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून थांबवली आहे. म्हणजे ज्यांचे अनुकरण आपण करू पाहतो, त्यांनीही ती सोडली. रंग हवाच असेल तर गेरू आहे, चुना आहे, आणि वारली चित्रकारांची तांदळाच्या पिठाची पांढरी पेज डिंकात कालवून काडीने शेंगेवर ठिपके काढता येतात. गेरूने सारवलेल्या गुलमोहराच्या शेंगेवर असे पांढरे ठिपके काढून पाहावेत. मी अधिक वर्णन करत नाही.

घेण्याबरोबरच न घेण्याचीही एक मर्यादा पानावर यायला हवी होती. झाडावरून तोडू नये, पडलेलेच उचलावे, हा साधा नियम बहुतेक ठिकाणी पुरतो. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तो पुरत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तेथून वनोपज उचलून नेण्यास परवानगी लागते, आणि बोरिवलीच्या उद्यानात सहलीला गेलेल्या कुटुंबाने पिशवी भरून शेंगा आणणे यात मोडते. टेटूच्या तलवारीसारख्या लांब शेंगा सजावटीच्या दुकानात हल्ली दिसतात. आयुर्वेदातील दशमुळांसाठी या झाडाची साल आणि मुळे आधीच काढली जातात. त्यात त्याच्या बियाही शेंगेसकट शहरात येऊन फुलदाणीत अडकल्या, तर नवे झाड उगवणार कुठून? दसऱ्याला आपट्याच्या फांद्यांचे आपण काय करतो, हे दरवर्षी आपल्याच पत्रव्यवहारात छापून येते. हिवाळ्यात टेटूचे तसे होऊ नये. त्याउलट घाणेरी हवी तितकी घ्यावी. हे बाहेरून आलेले झुडूप आपल्या टेकड्या व्यापून बसले आहे, त्याच्या ओल्या काड्या लवचीक असतात, आणि पाने-फळे काढून टाकून साल सोललेल्या काड्यांची छोटी टोपली किंवा कडे वळता येते. त्याच्या फळांपासून मुलांना दूर ठेवावे, एवढेच.

मांडणीबद्दल थोडक्यात. मराठी जेवणात मेजावर मोकळी जागा फारशी नसते. पोळ्यांचा डबा, वरणाचे पातेले, भाताचे भांडे, तुपाची वाटी, लोणच्याची बरणी आणि पाण्याचा तांब्या आले की मध्ये वीतभर पट्टी उरते. म्हणून मांडणी अरुंद आणि ठेंगणी असावी, बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या खाली राहावी, आणि तिच्यातून काही गळून ताटात पडू नये. तिला वासही नसावा. निशिगंध आणि फोडणी यांचे जमत नाही. वाळलेल्या गवताच्या किंवा कापसाच्या जवळ मेणबत्ती वा पणती कदापि ठेवू नये. दिवा हवा असेल तर पितळेच्या घंगाळात पाणी घालून त्यात तरंगता ठेवावा, भोवती शेवंतीची फुले सोडावीत आणि वाळलेले सामान मेजाच्या दुसऱ्या टोकाला न्यावे.

आणि ज्यांना हिवाळ्यात हिरवेच हवे आहे, त्यांच्यासाठी नवरात्रातील घट आहे. गोव्यात आणि वसईकडे नाताळच्या गोठ्यासाठी पेंढा अंथरून त्याभोवती नाचणीचे किंवा गव्हाचे कोवळे अंकुर वाढवतात. घटस्थापनेला आपण करतो तीच ही कृती, फक्त परडीऐवजी बशी. गहू रात्रभर भिजवावा, उथळ ताटलीत बोटभर माती पसरून त्यावर दाट पेरावा, तीन दिवस झाकून ठेवावा आणि मग उजेडात आणावा. नवव्या-दहाव्या दिवशी चार-पाच बोटे उंचीचे पोपटी शेत मेजावर उभे राहते. ते पंधरवडाभर ताजे दिसते आणि नंतर शेजारच्या गाईला चालते.

महापालिकेच्या उद्यान विभागाला या पत्राद्वारे एक विनंती करते. पडलेल्या शेंगा आणि पाने झाडून पदपथाच्या कडेला पेटवली जातात, हे आमच्या भागात प्रत्येक जानेवारीत दिसते. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई आहे, ते असो. पण जाळण्याआधी शेंगांचा ढीग दोन दिवस उद्यानाच्या फाटकाशी ठेवला, तर शाळांचे कार्यानुभवाचे शिक्षक तो आनंदाने उचलून नेतील. मी बावीस वर्षे हा विषय शिकवला, आणि त्यातला निम्मा वेळ साहित्य विकत आणण्याच्या सूचना पालकांना लिहिण्यात गेला.

माझ्या मेजावर सध्या शिरीषाच्या शेंगा, दोन बाजरीची कणसे आणि यवतमाळहून आलेली कापसाची एक काडी आहे. रथसप्तमीनंतर कणसे गॅलरीत चिमण्यांसाठी टांगली जातील, शेंगा खताच्या बादलीत जातील आणि कापूस वातींना लागेल.

आपणास विनंती एवढीच की, गुंजांविषयीची सूचना पुढील रविवारच्या पुरवणीत त्याच पानावर, ते छायाचित्र पुन्हा न छापता, ठळक चौकटीत द्यावी. पत्रव्यवहाराच्या सदरात ती छापली गेली, तर ज्यांनी ते छायाचित्र कापून ठेवले आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे